तेरा महिने पत्र्याखाली : एका मांडव सेवेविषयीचा अभिप्राय

मांडव, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्या दुकानाविषयी लोक सहसा दोन ओळींत मत देतात, कारण त्या दुकानाशी त्यांचा संबंध फार तर दोन दिवसांचा असतो. आमचे चर्च जळाले आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचा संबंध तेरा महिन्यांचा झाला. त्या अवधीत छप्पन्न रविवारच्या उपासना, एक ईस्टर, एक नाताळ, दोन बाप्तिस्मे, एक लग्न आणि तीन अंत्यविधी या एकाच दुकानाच्या सामानाखाली पार पडले, आणि मंडळीचा खजिनदार या नात्याने त्यांचे प्रत्येक बिल माझ्या हातून गेले. म्हणून हा अभिप्राय लांबला आहे. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि खुद्द मालकांचेही म्हणणे तसेच पडले : “नाव घालू नकात, नायतर जो तो वर्षाचो माटव मागात.” पाचपैकी चार तारे मी देतो. पाचवा का राखून ठेवला, ते ओघाने येईलच.

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण आणि वेंगुर्ले यांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. मंडळी लहान, नोंदवहीत एकशे दहा सभासद आणि रविवारी प्रत्यक्षात साठ-सत्तर माणसे. चर्च जांभ्या चिऱ्यांचे होते, आढे-वासे किंजळीचे, बाक फणसाच्या लाकडाचे आणि वर मंगलोरी कौले. त्यांतल्या जुन्या कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल उठवलेले होते. आमची मुले पिढ्यान्‌पिढ्या ते साल चर्चच्या बांधकामाचे समजत आली. वास्तविक त्या वर्षी मंगळुरूच्या जेप्पू भागात तो कारखाना सुरू झाला. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी रात्री माळ्यावरच्या जुन्या वायरिंगने पेट घेतला. बंब शहरातून यायचा होता आणि विहिरीवरचा पंप एकच होता. प्रभुभोजनाची भांडी, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि एक पेटी एवढेच बाहेर काढता आले. सकाळी चार भिंती उभ्या होत्या आणि आत गुडघाभर राख, त्यात फुटक्या कौलांचा खच. आगीविषयी इतकेच पुरे, कारण हा अभिप्राय आगीचा नाही.

बुधवारी सकाळी सारा गाव बघायला आला, तसे मांडवाचे मालकही आले. लोक राखेकडे पाहत होते. हे गृहस्थ मात्र आवारात आंब्याखाली पावले मोजत फिरत होते. थोड्या वेळाने पाद्रीसाहेबांजवळ येऊन त्यांनी विचारले, “रयवारी बसतलात खंय?” आमच्या पंचांपैकी कोणीही तोवर रविवारचा विचार केलेला नव्हता. शाळेचा वर्ग मागावा तर तालुक्याची परवानगी लागणार आणि ती चार दिवसांत येणार नाही, हे मुख्याध्यापकांनी सरळ सांगितले. शेजारच्या कॅथलिक धर्मग्रामाच्या फादरांनी त्यांचे सभागृह देऊ केले होते आणि पुढे जुलैत दोन रविवार आम्ही त्याचा कृतज्ञतेने उपयोगही केला. पण त्या पहिल्या रविवारी जुन्या मंडळींना आपल्याच आवारात बसायचे होते. शनिवारी दिवेलागणीपर्यंत आंब्याखाली तीस फूट बाय वीस फुटांचा बांबूचा मांडव उभा राहिला. त्याचे भाडे त्यांनी घेतले नाही. माझ्या वहीत त्या मांडवाची कुठेही नोंद नाही, म्हणून ती इथे करून ठेवतो.

तो मांडव मात्र अस्सल लग्नाचा होता. गुलाबी कनाती, सोनेरी झालर, आणि समोर उंच जागेवर पाद्रीसाहेबांसाठी वधूवरांचे लाल मखमली सिंहासन, ज्याच्या दोन्ही हातांवर सोनेरी सिंह होते. मालकांनी त्यांच्याकडचे उत्तमांतले उत्तम सामान आणले होते, यात शंका नाही. पाद्रीसाहेबांनी सिंहासनाकडे पाहिले, मग स्वतःच्या राखेने काळवंडलेल्या चपलांकडे पाहिले आणि ते हसू लागले. त्यांच्यामागून भगिनी मंडळ हसले. मंगळवार रात्रीनंतर आमच्यातले कोणी हसल्याचे ते पहिलेच. सिंहासन परत गेले, त्याच्या जागी चहाचे टेबल आले, त्यावर घरून आणलेला पांढरा पंचा अंथरला आणि उपासना सुरू झाली. गायनाची पुस्तके जळाली होती. पण आमची निम्मी भजने अभंगांच्या आणि ओव्यांच्या चालीवरची असल्यामुळे ती म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहेत, आणि त्या दिवशी तरुणांना त्यांच्या मागून म्हणावे लागले. घंटा जळक्या तुळईबरोबर खाली येऊन तडकली होती. त्याऐवजी मालकांनी त्यांच्या गोदामातला रुळाचा तुकडा आंब्याला टांगून दिला. तो ठोकला की आजूबाजूची पोरे मधली सुट्टी झाली असे समजून बाहेर येत. तेरा महिने आम्ही त्याच्यावरच भागवले.

आता पहिली मोठी तक्रार. त्याच रविवारी, उपदेश चालू असताना, आमच्या एका ज्येष्ठ पंचांची नजर वर गेली. पंख्याची आणि दिव्याची वायर बांबूवरून नेलेली होती, तिला तीन ठिकाणी जोड होते आणि जोडांवर नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. एक जोड तर कनातीच्या कापडाला टेकलेला होता. चार दिवसांपूर्वी ज्यांचे देवघर वायरीच्या जोडाने जाळले त्यांच्या डोक्यावर असे जोड लटकवणे, हे मला त्या दिवशी अक्षम्य वाटले आणि आजही वाटते. पंचांनी उठून मेन स्विच बंद केला, आणि उरलेली उपासना पंख्याविना, माइकविना झाली. मालकांना हे सांगितले तेव्हा त्यांचे पहिले उत्तर, वीस वर्षांत कधी काही झाले नाही, असे होते. आमचेही चाळीस वर्षांत काही झाले नव्हते, असे मी म्हणालो. त्यानंतर मात्र त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी परवानाधारक वायरमन आला, अखंड केबल आली, जास्त भार आला की वीज तोडणारा एमसीबी आणि वीज गळाली की ती तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी एका लाकडी फळीवर बसवून आला, आणि त्या फळीची चावी पाद्रीसाहेबांकडे देण्यात आली. चूक सुधारली, हे खरे. पण ती आम्ही दाखवल्यावर सुधारली. पाचव्या ताऱ्यातला अर्धा तिथे गेला.

वास्तविक या गोष्टींचे नियम लिहिलेले आहेत. तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. छताची उंची तीन मीटरपेक्षा कमी नसावी, विजेच्या तारांखाली मांडव घालू नये, कृत्रिम धाग्याचे कापड आणि दोर वापरू नयेत, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात, असे त्यात सांगितले आहे. अमोनियम सल्फेट, बोरॅक्स, बोरिक ॲसिड, तुरटी असे क्षार पाण्यात विरघळवून त्यात कापड बुडवून वाळवले तर ते चटकन पेट घेत नाही, हेही मांडवाच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांना ठाऊक असते. आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलाने हे सारे मालकांना वाचून दाखवले. त्यांनी ते खरेच मनावर घेतले. गुलाबी पॉलिस्टर जाऊन साधे सुती कापड आले आणि ते पिंपात बुडवताना मी स्वतः पाहिले. पण हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे एक पाऊस लागला की कापडातून निघूनही जातात आणि पुन्हा बुडवावे लागते. मेमधल्या वळिवाच्या सरीनंतर ते बुडवायचे राहिले. मी दोनदा आठवण केली, त्यांनी दोनदा हो म्हटले, आणि शेवटी आम्हीच कापडाचे छत काढून टाकले.

ईस्टरनंतर खरा प्रश्न पुढे आला. विम्याची रक्कम अपुरी होती, कारण इमारतीची किंमत कागदावर जुनीच राहिली होती आणि कमी रकमेचा विमा असला की भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते. त्यामुळे बांधकाम पावसाळ्याआधी होणार नाही, हे निश्चित झाले. आमच्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग लागतो आणि चतुर्थीपर्यंत आभाळ धड उघडत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बांबू आणि कापड यांचा तिथे काही उपयोग नव्हता.

पंचांच्या सभेत, वास्तुशास्त्र शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने फोनवर जपानमधल्या कोबे शहरातल्या एका चर्चची चित्रे दाखवली. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर शहरात जी आग भडकली तिच्यात ताकातोरी येथील कॅथलिक चर्च जळाले. त्या जागी शिगेरू बान या वास्तुविशारदाने जाड कागदी नळ्यांचे अठ्ठावन्न खांब लंबवर्तुळात उभे केले, भोवती पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे लावले, आणि स्वयंसेवकांच्या हातांनी ते सारे पाच आठवड्यांत बांधून झाले. तात्पुरते म्हणून बांधलेले ते कागदी चर्च दहा वर्षे टिकले आणि नंतर उकलून तैवानला नेऊन पुन्हा उभे करण्यात आले. मालक सभेला चहापुरते आले होते, ते हे सारे लक्षपूर्वक ऐकत होते. “कागद? आमच्या पावसात?” एवढेच त्यांनी विचारले. पण मुलीने आणखी दोन चित्रे दाखवली तेव्हा त्यांनी फोन हातात घेऊन मोठा करून पाहिला, आणि खांब मधे कुठेच नाहीत, सगळे कडेला आहेत, हे बोट ठेवून आम्हाला दाखवले. त्या वेळी कोणी त्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. खुद्द त्यांनीही, दुर्दैवाने, दिले नाही. त्याविषयी पुढे.

ठरले ते असे : लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पत्रे, चाळीस फूट बाय पंचवीस फूट. आमच्या आवारात वीतभर मातीखाली कातळ लागतो, त्यामुळे खांब रोवता येत नाहीत. हे काम ज्या तऱ्हेने त्यांनी केले त्यासाठी मात्र मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. प्रत्येक खांबाच्या बुडाशी लोखंडी पाटी जोडली, तिला कातळात ड्रिलने भोके पाडून गजाने जखडले आणि शिवाय प्रत्येक खांबाशी वाळूने भरलेले एक पिंप साखळीने बांधले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला लागून वर गेले तेव्हा पत्रे कसे उडतात हे सगळ्यांनी पाहिले होते. त्यांचे म्हणणे असे की पत्रा वरच्या वाऱ्याने उडत नाही, आत शिरलेल्या वाऱ्याने उडतो. तेव्हा नैऋत्येची, म्हणजे समुद्राकडची बाजू त्यांनी खालपासून वरपर्यंत पत्र्याने बंद केली आणि ईशान्येची बाजू मोकळी ठेवली, म्हणजे चुकून आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट राहील. शेवटपर्यंत एकही पत्रा हलला नाही. भोवती वीतभर खोल चर खणून तो ओढ्याकडे काढून दिला होता, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी आत आले नाही. झड मात्र मोकळ्या बाजूने यायची आणि शेवटच्या दोन रांगा नेहमी ओल्या असायच्या. त्या रांगांत तरुण मुले बसत, ती तशीही मागेच बसतात.

एक गोष्ट आमच्या मागणीत नव्हती आणि तीच सर्वांत मोलाची ठरली. पत्रे चढवून झाल्यावर मालक जळक्या चर्चच्या भिंतींभोवती फिरून आले आणि म्हणाले की या भिंतींना छत्री नसेल तर पावसाळ्यानंतर भिंती उरणार नाहीत. आमच्या भिंती मातीच्या सांध्यातल्या होत्या. चुन्याचा गिलावा आगीने सुटला होता आणि चिऱ्यांच्या माथ्यावरून पाणी सांध्यांत उतरले असते तर माती धुऊन जाऊन भिंती फुगल्या असत्या. त्यांनी चारही भिंतींच्या माथ्यांवर दुहेरी ताडपत्री टाकली, दोन्ही अंगांना हातभर खाली सोडली आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या कडांना नारळाच्या सुंभाने चिरे लोंबते बांधले. ऑक्टोबरात आलेल्या अभियंत्याने भिंती ठोकून पाहिल्या आणि तीन भिंती ठेवता येतील असे लिहून दिले. चार भिंती नव्याने बांधण्याचा खर्च आणि एक बांधण्याचा खर्च यांतला फरक माझ्या वहीत आहे. ताडपत्रीचे भाडे त्यापुढे नगण्य होते.

पत्र्याखाली पावसाचा आवाज किती होतो, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून पटणार नाही. जूनच्या तिसऱ्या रविवारी पाद्रीसाहेबांचे ओठ हलताना दिसत होते आणि बाकी काही नाही. माइकचा आवाज वाढवला तर शिट्टी वाजते आणि कमी केला तर पाऊस वरचढ होतो. मालकांनी पत्र्यांवर नारळाचे झाप टाकण्याचा उपाय सुचवला. तो उपाय जुना आहे आणि खरोखर चालतो, आवाजही कमी होतो आणि उन्हाळ्यात पत्रा तापतही नाही. पण वाळलेले झाप म्हणजे सरपण, आणि भगिनी मंडळाने ते ऐकताक्षणीच नकार दिला. मालकांनी आग्रह धरला नाही. त्याऐवजी एकच मोठा कर्णा काढून त्यांनी चार लहान ध्वनिक्षेपक खांबांवर डोक्याच्या उंचीला बांधले, म्हणजे आवाज लांबून ओरडत न येता जवळून येईल. त्याने बरेच साधले. तरीही मुसळधार पाऊस असला की पाद्रीसाहेब उपदेश थांबवत आणि आम्ही गात असू. गाणे पावसावर मात करते, बोलणे करत नाही. दोनचार कुटुंबे मात्र जुलैपासून शहरातल्या मंडळीकडे जाऊ लागली. त्यांतली दोन अजून परतलेली नाहीत, आणि याचा दोष मी मांडववाल्यांना देत नाही.

आता तो खांब. पंचवीस फुटांची रुंदी एका फेकीत झाकायची तर कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, जड लागतात आणि भाडे वाढते, म्हणून मालकांनी मधोमध पाच खांबांची एक रांग घेतली होती. बसायला काही अडचण नव्हती. खांबांमुळे कोणाला पाद्रीसाहेब दिसत नसत तर तो खुर्ची सरकवून घेई. ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयोवृद्ध बाई वारल्या. त्यांनी त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता, लग्न केले होते आणि पन्नासहून अधिक वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवले होते; आपला अंत्यविधी पत्र्याखाली होणार की काय, असे त्या आगीनंतर दोनदा बोलूनही दाखवत होत्या. शवपेटी आत आणताना कळले की मधल्या वाटेवरचा पहिला खांब वळणावरच येतो. चार जणांच्या खांद्यावरची पेटी सरळ आत येईना. ती तिरकी करावी लागणार होती, आणि बाहेर पाऊस ओतत होता. मुलगा म्हणाला, आईला तिरकी करायची नाही. खांदेकरी पावसात तसेच उभे राहिले. शेवटी खुर्च्यांच्या तीन रांगा उचलून कडेने वाट केली आणि पेटी त्या वाटेने आली.

मालक त्या दिवशी अंत्यविधीला आले होते आणि मोकळ्या बाजूला, छत्री मिटून, उभे होते. ते काही बोलले नाहीत. दफन आटोपून लोक घरी गेले, आणि रात्री नऊच्या सुमाराला आवारात दिवे दिसले म्हणून मी गेलो तर मालक, त्यांचा मुलगा आणि दोन कामगार पत्र्याखाली टेकू लावून बसले होते. पहाटेपर्यंत त्यांनी दोन जड कैच्या चढवून मधले पाचही खांब काढले. बिलात हे कुठे धरले आहे असे मी महिनाअखेरीस विचारले तेव्हा ते म्हणाले की ते बांधकाम पहिल्याच दिवशी तसे व्हायला हवे होते, मुलीने फोनवर दाखवलेही होते. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण मुलीने ते आम्हा सगळ्यांना दाखवले होते आणि भाडे वाचते म्हणून खांबांना मान डोलावणाऱ्यांत मीही होतो.

भाड्याविषयी सांगायचे तर मांडवाच्या धंद्याचे वर्ष समजून घेतल्याशिवाय कोणी इतका दीर्घ करार करू नये. जूनपासून दिवाळीपर्यंत लग्ने नसतात, सामान गोदामात पडून असते, त्यामुळे त्या महिन्यांचा दर निम्म्याहून कमी होता आणि वागणूकही सवडीची होती. चतुर्थीच्या अकरा दिवसांत मात्र एकही कामगार मिळत नाही. कोकणात त्या दिवसांत कोणी कोणाचे काम करत नाही आणि तशी अपेक्षा करणे हेच चूक. त्या दिवसांत चर तुंबला तो आम्हीच फावड्याने मोकळा केला. खरी ओढाताण तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. मग लग्ने, जत्रा, दशावताराचे रंगमंच असे सगळे एकदम येते, आणि ज्या खुर्च्यांचे आपण महिन्याचे भाडे भरलेले असते त्या खुर्च्या शनिवारी संध्याकाळी टेम्पोत चढताना दिसतात. “खुर्चे लग्नाक गेले हत, सकाळी सातांक हाडून देतंय,” असे उत्तर मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सहा वेळा ऐकले. पाच वेळा त्या सातला आल्या. एकदा, नाताळच्या आधीच्या रविवारी, साडेनऊला आल्या, त्यांच्यावर अक्षता चिकटलेल्या होत्या आणि मंडळी तोवर सतरंजीवर बसून अर्धी उपासना करून चुकली होती. ताऱ्याचा उरलेला अर्धा भाग त्या सकाळी गेला. लेखी करार केला असता आणि खुर्च्यांची संख्या व दिवस त्यात लिहिले असते तर मला भांडता आले असते. आमचा करार तोंडी होता, आणि ती चूक खजिनदाराची.

नाताळचा मांडव मात्र त्यांनी मन लावून घातला. एलईडीच्या माळा, कागदी तारा, आणि आमच्या मुलांनी काथ्या व झावळ्यांचा गोठा करायचे ठरवले तेव्हा त्याच्या शेजारी न सांगता वाळूच्या दोन बादल्या आणि एक अग्निशामक नळकांडे ठेवले. नळकांड्यावरची तारीख मी वाचून पाहिली. ती उलटलेली नव्हती. त्या फळीवरचा आरसीसीबी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाचणीचे बटण दाबून तपासायची सवय आमच्या पंचांना लागली होती, आणि डिसेंबरात ते बटण मालकांच्या मुलाने स्वतःहून दाबून पाहिल्याचे मी दुरून पाहिले.

गेल्या मार्चमध्ये जुन्या तीन भिंती आणि नवी चौथी यांच्यावर लोखंडी कैच्यांचे छत चढले आणि आम्ही आत गेलो. गिलावा व्हायचा आहे, बाक नाहीत, खुर्च्या अजून त्यांच्याच आहेत. आता दर महिन्याला लिहून देतात. मांडव उतरवताना प्रत्येक गज कातळातून कापून काढून भोके सिमेंटने बुजवून दिली, ही गोष्ट बहुतेक मांडववाले करत नाहीत आणि मग पोरांच्या पायांना त्या गजांची टोके लागतात.

ज्यांना एक दिवसाचे लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी या दुकानापेक्षा झगमगीत दुकाने शहरात आहेत. ज्यांच्यावर आमच्यासारखी वेळ आली आहे, मग ती चर्चची असो, देवळाची असो की शाळेची, त्यांनी इथे जावे. पण सोबत काही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. अखंड केबल आणि आरसीसीबी पहिल्याच दिवशी मागावा. मधे खांब नको म्हणून सांगावे आणि त्याचे जास्तीचे भाडे न कुरकुरता द्यावे. नोव्हेंबरनंतरच्या शनिवारी खुर्च्या कुठे असतील ते आधी ठरवून घ्यावे. आणि ताडपत्रीचा रंग विचारावा. त्यांच्याकडे निळी सर्वांत जास्त आहे आणि सांगितले नाही तर तीच येते. आमच्या मोकळ्या बाजूला निळ्या ताडपत्रीचा पडदा होता, आणि दोन्ही बाप्तिस्म्यांच्या फोटोंत पाद्रीसाहेब, आईबाप आणि बाळे, सगळे निळे आले आहेत. पांढरी मागावी. गोदामात मागच्या बाजूला आहे, पण मागितल्याशिवाय काढत नाहीत.